झेंड्याकडे बघून निघायचं

१० जानेवारी १९७८, ताडकळस
काल संध्याकाळी पोचलो. मनमाडला गाडी बदलल्यावर खोकल्याची ढास लागली, तर समोरच्या बाईनं लेकरू उचलून दुसऱ्या बाकावर नेलं. टी.बी. वाटला असेल. तिला काय सांगणार, की बाई, हा राजस्थानातल्या तांब्याच्या कारखान्यातला खोकला, दुसऱ्याला लागत नाही. मायला सांगितलं, गाडीत थंडी बाधली. महिन्याची रजा आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. शकूनं चिठ्ठी वाचली आणि चूल फुंकत बसली. बायको म्हणून दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं.
धाकटा भाऊ गौतम मात्र हवेत. आमच्याच तेजाबाच्या प्लांटात हेल्परची भरती आहे. मला न विचारता अर्ज केला, बोलावणंही आलं. २८ला निघणार. म्हणे, दादाला चकित करायचं होतं. केलं.

१२ जाने.
शकूनं माझे कपडे धुतले. दोन्ही शर्टांची चाळण. माय तिच्यावर करवादली, कपडे धुती का मिरच्या कुटती. तेजाबाचा शिंतोडा असाच. उडतो तेव्हा कळत नाही, कापड पाण्यात पडलं की विरतं. शकूला हे माहीत आहे, तरी मायला उलटून बोलली नाही. रात्री वाढताना हळूच म्हणाली, "छातीत बी असंच झालं असंल. दिसंना इतकंच." मी भाकर तशीच ठेवली.

१५ जाने.
गौ. विचारतो, काम नेमकं काय. सांगितलं. तांब्याच्या दगडात गंधक असतं, भट्टीत जळून त्याचा वायू होतो. मोकळा सोडला तर आसपासची पिकं करपतात. आम्ही तो नळांतून ओढून घेतो, त्याचं तेजाब करतो, टँकर भरून खताच्या कारखान्यांना जातं.
"म्हंजे धूर पकडता तुमी."
हो म्हटलं. कधी कधी धूरच आम्हाला पकडतो, हे गिळलं.
दुसरी गंमत. माय वस्तीभर सांगत फिरायलीय, माझं लेकरू घरातून निघताना आधी विहारावरच्या निळ्या झेंड्याकडं बघतं, मग पाऊल टाकतं. बायकांना कोण कौतुक. मला हे ठाऊकच नव्हतं. प्लांटात उंच खांबाला फडकं बांधलेलं असतं. पाळीवर शिरताना आधी ते बघायचं, वारा कुठून येतोय. वायू सुटला तर वारा येतो त्या अंगाला पळायचं. ती खोड घरापर्यंत आली. मायला काय सांगू? मनात लाजलो.

१८ जाने.
पहाटे गौ.बरोबर ज्वारीच्या कडेनं चाललो होतो. नदीकडून पांढरं लोटत आलं. मी तोंडावर उपरणं दाबलं, मान वर करून झेंडा शोधायला लागलो. दिसेना. पळत सुटलो ते बांधावर आपटलो. गौ.नं उठवलं. नुसतं धुकं होतं.
मग बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं. दिवाळीनंतर पाइप फुटला तेव्हा असंच पांढरं आलं. वारा ठार पडलेला, फडकं खांबाला चिकटलेलं. कुठं पळावं कळेना. माझ्या पाळीचा रामलाल डावीकडं पळाला, मी उजवीकडं. तो गेला, मी राहिलो. त्यात अक्कल काही नव्हती.

१९ जाने.
गौ.नं ऊस आणला. मी चाकू मागितला. म्हणाला, तू तर दातानं सोलायचास. ओठ वर करून पुढचे दात दाखवले, झिजून अर्धे राहिलेत. हवेतल्या तेजाबानं सगळ्यांचेच झिजतात. म्हटलं, जाऊ नको. पूर्णेला रेल्वेत बघू, परभणीत बघू.
तो चिडला नाही. "काल पाटलाच्या शेतात, आखाड्यावर खुरपायला गेलतो. पाणी मागितलं तर वरून वतलं, वंजळीत. तुमच्या प्लांटात कसं पितेत?"
खरं ते सांगितलं. एकच माठ, एकच गिलास, फोरमनही त्यातच पितो.
"मंग झालं की."
मीही त्याच गिलासासाठी गेलो होतो. दिवसभर संताप संताप झाला. गौ.चा नाही. कोणाकोणाचा ते लिहीत बसलो तर...

२३ जाने., परभणीहून परत
छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा त्या हवेत पाय ठेवू नका. माय बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं, गावची हवा मानवायलीय, अजून दोन महिने राहा म्हणाले. खूश झाली. मारुतीच्या पारापर्यंत भेटेल त्याला सांगत आली.
शकूला खरं ते सांगितलं. म्हणाली, "आत्याबाईला सांगा. त्याच अडवतेल भावजीला."
बरोबर आहे. माय दारात आडवी पडेल. मग गौ. राहील, जन्मभर आखाड्यावर, ओंजळ धरून. आणि नाही सांगितलं तर? इकडे आड, तिकडे विहीर.

२६ जाने.
त्याला शिकवतोय. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. अंगावर उडालं तर पुसत बसायचं नाही, धो धो पाणी. ओला रुमाल सदा गळ्यात. आणि आत शिरताना सगळ्यात आधी फडकं.
"आन् वारा पडला तर, दादा?"
खोकला आला, बरं झालं.

२८ जाने.
सकाळची यष्टी. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गौ. उंबऱ्याबाहेर आला, थांबला, मान वर करून झेंड्याकडं पाहिलं. मायनं हात जोडले, पदर डोळ्याला लावला. शकूला म्हणाली, "बघ, थोरल्याचं वळण लागलं." शकू माझ्याकडं बघत राहिली. मी झेंड्याकडं. काठीला चिकटून लोंबत होता. गौ.नंही ते पाहिलं. माझ्याकडं बघून हसला आणि पिशवी उचलली.
यष्टी गेली. परभणीहून मनमाडची गाडी रात्रीची आहे. माय अंगणात ज्वारी पाखडायलीय. डॉक्टरांचं खरं तिला सांगायला, गौ.ला स्टेशनावर गाठायला अजून वेळ आहे.