परका नमुना

४ मार्च
पोहोचले एकदाची. खोली कल्पनेपेक्षा मोठी आहे, दोन खिडक्या, लिहायला टेबल, आणि दाराला आतून कडी. एका खोलीच्या घरात पडद्याआड अभ्यास करून मी पदवीधर झाले, घरातली पहिली. नुसती कडी बघूनही मला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. आमची कंपनी थुंकीच्या तपासणीवरून लोकांचे नातेवाईक शोधून देते. बड्या गिऱ्हाइकांकडे माझ्यासारखं कुणीतरी राहायला जातं, नमुने घेतं आणि घराण्याचा इतिहास लिहून देतं. स्वयंपाकीण सोडली तर इथे माणसं दोनच, थोरले आणि त्यांची बहीण, आत्याबाई. बाकीचं घराणं दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलेलं आहे. सगळ्यांचं नाक एकच. थोरल्यांनी जेवण होईपर्यंत मला ते नाक समजावून सांगितलं. आपल्या रक्तात कधी परकं कुणी मिसळलं नाही, हे त्यांना शास्त्राकडून लिहून हवंय. नशीब, शास्त्राला नाक नसतं.

६ मार्च
नमुने घेतले. एवढं मोठं घराणं एवढ्याशा नळीत थुंकताना बघायला मिळालं, यातच माझा पगार वसूल झाला. नियमाप्रमाणे बरोबर माझीही नळी पाठवली. तिला आम्ही परका नमुना म्हणतो. तिचं गिऱ्हाइकाशी नातं निघालं, तर प्रयोगशाळेत घोळ झालाय असं समजायचं. आईचा नमुना तिथे आधीपासून आहे. लॉन्ड्रीत इस्त्री करून तिने मला शिकवलं, म्हणून नोकरी लागल्यावर पहिली नळी तिचीच पाठवली. माझ्या निकालात सगळ्यात वर 'आई' असं येतं. ते मी उगाच उघडून बघते.

९ मार्च
या घरात दोघं एकाच चांदीच्या पेल्यातून पाणी पितात. मला मात्र टवका उडालेला काचेचा ग्लास, आणि तो विसळायचाही वेगळा. आज मी विचारलंच. थोरले शांतपणे म्हणाले, पेला घरच्यांचा आहे. सरळ सांगितलं की मी कुणापेक्षा कमी नाही, मलाही त्यातूनच पाणी हवं. आत्याबाई भावाकडे बघून हसल्या.

"घे की गं. आम्ही कुणावर बळजबरी करत नाही. मागावं लागतं."

प्यायले. पाणी कोमट होतं, किंचित दाट. फोनवर आईला हा विजय सांगितला तर ती म्हणाली, "उष्टं कशाला पितेस बाई? तुझा पेला तुझा." तिला समतेचं काय कळणार.

१६ मार्च
निकाल आला. थोरले आणि आत्याबाई यांच्यापुढे भाऊ-बहीण नव्हे, 'एकच व्यक्ती' असं आलंय. आणि माझ्यापुढे त्यांचं 'दूरचं नातं'. प्रयोगशाळेत बैल बसवलेत की काय? नमुने पुन्हा घेतले. आत्याबाई या वेळी अगदी खुशीत थुंकल्या.

२३ मार्च
प्रयोगशाळा म्हणते, घोळ नाही. आता मी 'पुतणी'. 'दूरचं नातं' आईपुढे आलंय. तिसऱ्यांदा नळ्या पाठवल्या.
पेला बंद केला. पण काचेच्या ग्लासातलं पाणी पोटात टिकत नाही, कडू लागतं, उलटून पडतं. संध्याकाळी पुन्हा पेलाच मागितला. मागावा लागला.
स्वयंपाकिणीला विचारलं, भिंतीवरच्या शेवटच्या तसबिरीतल्या त्या बाई कोण. ती खालमानेने भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "त्या इथे शिकवणी घ्यायला आल्या होत्या, ताई. तेव्हा त्यांचं नाक बसकं होतं."

२६ मार्च
आरशावर टॉवेल टाकलाय.
आईला फोन केला. मला घेऊन जा, म्हणाले. तिने विचारलं, "कोण बोलतंय? माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा, बाई?"
मला तुम्ही म्हणाली. माझी आई मला—

२९ मार्च
तिसरा निकाल. थोरले, आत्याबाई, मी — एकच व्यक्ती.
आईपुढे — नातं नाही.
कडी काढायला हात जात नाही. बाहेर जाऊन तरी कुणाकडे—

३१ मार्च
आज बरं वाटतंय. काय ती रडारड लिहिली होती वर. पदवी घेतली म्हणून वळण येतं असं नाही.

२ एप्रिल
दारात एक बाई आली आहे. हातावर इस्त्रीचे चटके, अंगाला वाफेचा आणि साबणाचा वास. माझी पोरगी कुठे आहे, विचारते. नाही म्हटलं तरी हलत नाही. असल्या लोकांना दारात उभं केलं की—
थोरल्यांनी आत बोलावलं. काचेच्या ग्लासात पाणी दिलं. पीत नाही. नुसती माझ्याकडे बघते — नाकाकडे नाही, डोळ्यांकडे. ओळखल्यासारखी.
आत्याबाईंनी तिला सांगितलं, तुमची मुलगी आमच्या पेल्यातून प्यायली आणि आमची झाली.
बाईने ग्लास बाजूला सारला. म्हणाली, "मग मलाही त्यातूनच द्या. जिथे ती, तिथे मी."
मागितला. तिने मागितला —
आत्याबाई हसल्या. पेला भरून माझ्याच हातात — नेऊन दे म्हणाल्या —
आई नको, तुझा पेला तुझा, ऐक ना, मी ओतून देते, खाली ओतून — हात ऐकत नाही, तो आमचा हात — आई, तोंड मिट, आम्ही तुला