तळव्यांची खाज

६ एप्रिल, सोमवार
मेघना आठव्या महिन्यात माहेरी आली. जावई पेडण्याहून गाडीने सोडून, चहा घेऊन परतले. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेरी आता मी एकटा, ही वस्तुस्थिती.
दुपारी जेवल्यावर ती छातीवर हात ठेवून भिंतीला टेकून बसली. विचारले. "काही नाही बाबा, पित्त."
गेल्या दिवाळीत याच घरात हा शब्द उच्चारला गेला. माझी पत्नी सुमती, तिच्या छातीत जळजळ. सर्वांनी पित्त म्हटले, कोकमाचे सरबत दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्हती. हृदय होते. तेव्हापासून हा शब्द मी पुराव्यावाचून स्वीकारत नाही.

७ एप्रिल, मंगळवार
मेघनाला डिचोलीस डॉक्टरीणबाईंकडे नेले. "या दिवसांत जळजळ सामान्य आहे, काका. थोडे थोडे खाऊ द्या, जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नका." मी कार्डिओग्रामचा आग्रह धरला. काढला. निर्दोष. परिचारिका तोंड फिरवून हसली, ते मी पाहिले. मेघनानेही पाहिले.
घरी लाटंबार्शास परतलो तर शेजारच्या शालनवहिनी (चुलतभावाची पत्नी) फाटकातच उभ्या. "भाऊजी, बाळाक केस येतत म्हणान जळजळता. तेका कसलो कार्डिओग्राम?" दोघी हसत सुटल्या. मी हसलो नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
पहाटे मेघनाच्या पोटरीत गोळा आला, मे. ओरडली. पावले सुजली आहेत; स्वतःच्या चपला बसत नाहीत म्हणून आईच्या घालते. त्या चपला कोपऱ्यातून हलल्या, हे पाहून क्षणभर...
डॉ. बाईंना दूरध्वनी केला. रक्तदाब कालच आरोग्यसेविकेने तपासला, तो ठीक. म्हणजे सूजही सामान्य, गोळेही सामान्य. या एका शब्दाखाली काय काय झाकले जाते, कोण जाणे. सुमतीच्या वेळीही सर्व सामान्यच होते.
रात्रीच्या जेवणाला मे.ने पाववाल्या पदेराचा उंडा चहात बुडवून खाल्ला, आणखी काही नाही. मी पाहत होतो. "बाबा, मी आई न्हय. घास मोजू नका माझे."

१३ एप्रिल, सोमवार
शा. वहिनींच्या ओसरीवर दोघी बोलत बसतात. मी गेलो की बोलणे थांबते. आज "रातभर" एवढाच शब्द कानी आला. विचारले. "बायकांचे बोलणे, बाबा." वहिनी सुपातल्या काजूबियांकडे पाहत राहिल्या.
काहीतरी लपवले जात आहे. मला हे वातावरण परिचित आहे.

१५ एप्रिल, बुधवार
उलगडा झाला. हातापायांच्या तळव्यांना खाज येते, रात्री असह्य होते, झोप नाही. मला सांगितले नाही, कारण "तुम्ही परत डिचोली गाठणार". वहिनींचे निदान तयार होते: "काजूचा तेल लागला आसतला. मोसमच तो!" सध्या घरोघर बिया फोडणे चालू आहे, हे खरे. मेघना एक दुपार त्यांच्याजवळ बसली होती, हेही खरे. परंतु पायांनी बिया कोण फोडतो?
तशी उलटतपासणी घेतली. शेवटी कबुली. मी शनिवारी साखळीस बाजाराला गेलो असता ही वहिनींबरोबर टेकडीवर गेली आणि काजूची बोंडे तुडवायच्या दगडी कुंडीत उतरली. लहानपणीसारखी! "काकीचा हात धरून, बाबा. थोडाच वेळ. रस प्यावासा वाटला."
घसरली असती तर? फार बोललो. ती रडली. परंतु कारण सापडले. खोबरेल लावावयास सांगितले. बऱ्याच दिवसांनी आमटीची चव लागली.

१६ एप्रिल, गुरुवार
खोबरेलाने उतार नाही. सकाळी तिला खिडकीपाशी बसवून तळहात उजेडात पाहिले.
सुमती दर मोसमात बिया फोडत असे. राख चोळूनही तिचे तळहात काळे पडत, मग कातडी पापुद्र्यांनी सुटे. जूनपर्यंत ती मला हात धरू देत नसे, लाजे. काजूने भाजलेले हात मी तिच्यामुळे ओळखतो. मेघनाचे हात स्वच्छ आहेत. फोड नाही, डाग नाही, पुरळ नाही. पायही तसेच. केवळ तिच्याच नखांचे ओरखडे.
हे काजू नव्हे.
डिचोलीस जाऊ, म्हणालो. "परत? मागच्या वेळी ती नर्स हसली, बाबा. मला लाज वाटते." वहिनी कुंपणावरून: "भाऊजी, आता खाजेचोय कार्डिओग्राम?"
त्यांचे चुकत नाही. प्रत्येक खेपेस मीच चुकलो. माझ्यासारखा कोणी आला असता तर मीही त्याचे ऐकले नसते. मे.ला म्हणालो, एवढेच ऐक, यापुढे विचारणार नाही. तिने उठून आईच्या चपला पायांत घातल्या.
परंतु आज डॉ. बाई रजेवर. उद्या.

१७ एप्रिल, शुक्रवार
डॉ. बाईंनी तळवे पाहिले, पुरळ शोधले, सापडले नाही. लघवीचा रंग विचारला. मे. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गडद." हे मला ठाऊक नव्हते.
पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, अशी खाज कधी यकृतामुळे येते, बाळालाही धोका असतो; यकृताची तपासणी करू. रक्त घेतले. अहवाल उद्या. तोवर बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायचे. कमी वाटल्या तर थेट इस्पितळात. 'सामान्य' हा शब्द त्यांनी आज उच्चारला नाही. मी दारापर्यंत त्याची वाट पाहिली.
वहिनी आल्या, पेज ठेवून गेल्या. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. जावई पेडण्याहून निघाले आहेत.
संध्याकाळी मे. थंड पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती.
"हलले?"
"हलले, बाबा."
"खरे सांगतेस?"
तिने माझा हात ओढून पोटावर धरला. "हे बघा. आता. कळले?"
मला काहीही जाणवले नाही. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते.
"कळले," म्हणालो.