उशाचा वाडगा

शनिवार
सगळ्यांत आधी कोण आलं, तर तिघी बायका. मी अजून झाडूही टेकवला नव्हता. अंगात काळे पायघोळ जरजार झगे, जुन्या गावी आम्ही घालायचो तसे, मागे फरफटत पाऊलखुणा पुसणारे. हां, लिहायचं राहिलंच. संग्रहालयात झाडायच्या कामाचा माझा आज पहिला दिवस. नात नब्रा म्हणाली, आजी, अक्षरं शिकलीस ना, मग वहीत लिही, माझं डोकं नको खाऊ. तर त्या तिघी काचेतला वाडगा बघत उभ्या. मातीचा, कबरीच्या उशाशी ठेवतात तसला, हजारो वर्षांचा. पण ठणठणीत कोरडा. साहेब एवढे शिकलेले, मेलेल्याने प्यायचं काय ते कळत नाही.

रविवार
काच पुसायला किल्ली मिळाली, तेवढ्यात मी वाडगा पाण्याने भरला. माझ्या लेकीच्या, शायाच्या कबरीच्या उशाशी दर गुरुवारी असाच भरायचे. तीन वर्षांची होती. मग धरण आलं. आम्ही घरं झाडली, किल्ल्या कमरेला लावल्या आणि निघालो. मागे गाव बुडालं, कबरही. इद्रिस पहारेकरी हसतो, म्हणतो, हाज्जा, ती तर अख्ख्या नाईलमध्ये आहे, तिला कसली तहान? नदीचं पाणी वेगळं, आईच्या हातचं वेगळं.
तिघी आजही आल्या होत्या. इद्रिसला सांगितलं, तर म्हणे सकाळपासून कुत्रंही फिरकलं नाही. म्हटलं, चष्मा लाव म्हाताऱ्या. फरशीवर त्यांच्या घोळाचे ओले पट्टे होते. गाळाचे. मीच पुसले.

सोमवार
थोरलीला ओळखलं. दहीबा मावशी. हिनेच शायाला शेवटची अंघोळ घातली. आणि मावशी स्वतः गाव बुडायच्या आधीच —
मी पोरीचं विचारलं. म्हणाली, रुसलीय. दुसऱ्या कुणाच्या हातचं पीत नाही.

मंगळवार
साहेबांनी वाडगा पुसून किल्ली काढून घेतली. तरी भरलाय. काठावरून वाहतोय, थांबत नाही. मावशी म्हणाली, पोरीला कोरड्यावर चालता येत नाही, आधी पाणी यावं लागतं. नको असेल तर वाडगा फोड. मग ती कधीच —

बुधवार
पाणी घोट्याला. इद्रिस पळाला. नब्राला खोटंच सांगून टेकडीवर आत्याकडे धाडलं.
दगड उचलला होता. खाली ठेवला.
फणी आणलीय. तेलही. तिची वेणी सुटली असेल. त्या म्हणाल्या, उजाडताच आणतो, गुरुवा—