चाळीस गिअर, चाळीस दात

अकोला, एमआयडीसी

प्रिय किशोर,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि माझाही आवाज चढतो. म्हणून कागद घेतला. आता मधे तोंड घालता येणार नाही तुला, निमूट वाच.

नांदगाव पेठेत तू गिअर कापतोस ते देखणेच असतात. बाबांचा हात आलाय तुझ्यात. पण भट्टी त्यांनी माझ्याकडे दिली. गिअरांत कार्बन मुरवायला नऊशेतीस अंशांवर आठ तास लागतात म्हणून कुरकुरत होतास, एक हजार चाळीसवर चार तासांत उरकेल म्हणालास. मी ऐकलं, ही माझी चूक. कार्बन खरंच लवकर मुरला आणि कडकपणाचा आकडाही चोख आला. तू लगेच मोबाइलवर होकाराचा अंगठा धाडलास, माल पाठव म्हणालास.

पण प्रत्येक घाण्याबरोबर नमुन्याचा एक तुकडा भट्टीत ठेवायचा आणि नंतर तो ऐरणीवर तोडून बघायचा, ही बाबांची पद्धत तुला आठवत असेल. आपण हसायचो त्यांना. "कडकपना मशीन सांगते, पन दाना तोडल्याबिगर दिसत नाई," म्हणायचे. चांगलं पोलाद तुटलं की आतून राखेसारखं मऊ, करडं दिसतं. परवाचा तुकडा साखरेसारखा चमचमत होता. या पोलादात दाणे आवरून धरायला थोडं अॅल्युमिनियम असतं, पण इतक्या आचेत तेही हात टेकतं. दाणे फुगतात आणि दात ठिसूळ होतात. पुन्हा तापवून दाणा बारीक करता येतो, पण तू कापलेले दात तेवढ्यात वाकडे होतील.

आता जे बाबांनी तुला सांगू दिलं नाही ते सांगते. दर पोळ्याला ते दर्यापूरला महादेवरावांकडे जायचे. तुला वाटायचं जुना दोस्त असेल. तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाला सकाळी अमरावतीत पोचायचं होतं, म्हणून बाबांनी एकदाच आच वाढवून घाणा लवकर काढला आणि तुकडा न तोडताच माल दिला. दर्यापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्यातल्या एका गिअरचा दात तुटला, यंत्र हिसकलं आणि त्यावर काम करणाऱ्या महादेवरावांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. "पोराले सांगू नको, त्याचा काय गुन्हा," असं बाबा शेवटच्या दुखण्यात म्हणाले. तुझा गुन्हा नाहीच. मला राग आहे तो माझ्यावर, कारण हे ठाऊक असून मी आच वाढवली. हे चाळीस गिअर त्याच जिनिंगचे आहेत आणि त्या यंत्रावर आता त्यांची सून शालू उभी असते.

उद्या सकाळी तुझी गाडी माल न्यायला येईल. माल भरून ठेवलाय, मोजून चाळीस, वर हे पत्र. तू माझं न ऐकता तो परस्पर दर्यापूरला धाडशील, एवढं मी तुला ओळखते. म्हणून आज दुपारी ऐरणीपाशी बसून प्रत्येक गिअरचा एक दात मी हातोड्याने पाडला. चाळीसही एकेका घावात पडले. माझ्या हाताचा जोर तुला माहीत आहे, चांगला दात त्याला दाद देत नाही. जिनिंगवाल्यांना उशिराचं मीच कळवलंय. तू नवे कापून पाठव, भट्टी नऊशेतीसवर लावून ठेवते.

तुझीच,
दामिनीताई