ग्रंथालय बंद करण्याच्या आदेशावरील सहीबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
यांच्या दालनात, समक्ष

विषय : ग्रंथालय बंद करण्याच्या आदेशावर आपण तो स्वतः वाचून सही केली किंवा कसे, याचा खुलासा मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या सहीचा आदेश.
२) तो मिळाला त्याच दिवशी आपण जिन्यात मला दिलेला तोंडी शब्द.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी आपल्या शाळेत ग्रंथपाल असून पुस्तके देणे-घेणे, फाटलेली चिकटवणे आणि शिक्षक रजेवर असलेला वर्ग ग्रंथालयात लोटला गेल्यास त्यास गप्प बसवणे ही कामे करते. संदर्भ क्र. १ अन्वये महिनाअखेर ग्रंथालय बंद करावे, पुस्तकांचे गठ्ठे बांधून जिन्याखालच्या अडगळीत ठेवावेत व खोली पर्यवेक्षकांना बसण्यासाठी रिकामी करावी, असे मला कळवण्यात आले. तो कागद हातात घेऊन मी जिना चढत असताना आपण समोरून आलात. मी नमस्कार केला तेव्हा आपण थबकून म्हणालात, "कोण, ग्रंथपाल बाई का? मुलांना भरपूर वाचायला द्या. मी आहे तोवर तुमच्या खोलीला कोणी हात लावणार नाही." कागद माझ्या हातात, आपल्या नाकासमोर होता. आपण दुटप्पी आहात असा संशय मला त्याच पायरीवर आला, हे नम्रपणे नमूद करते.

त्यातच ग्रंथालयात माझ्यामागे कोणीतरी येऊन जात असल्याचे दिसू लागले. सकाळी दार उघडावे तर खिडकीजवळची खुर्ची हललेली, पडदा सरकवलेला आणि लहान वर्गांच्या कपाटातली पुस्तके उलटी खोचलेली. गेलेले मात्र काहीच नसे. चोराने काही नेले असते तर एक वेळ जिवाला स्वस्थता लाभली असती. आदेश निघालेलाच आहे, तेव्हा रद्दीत काय घालायचे ते कोणीतरी आधीच निवडून ठेवत आहे, अशी माझी खात्री झाली.

प्रथम मी शिपाई मामांना भर शिक्षक-खोलीत जाब विचारला. त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "बाई, ही तुमच्याकडेच असू द्या. चोर म्हणवून घ्यायची सवय नाही मला," एवढेच बोलून ते गेले आणि तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला. नंतर विज्ञानाच्या सरांवर पाळत ठेवली, कारण "पुस्तकं आता फोनात असतात हो," असे ते एकदा हसत म्हणाले होते. घरी जेवतानाही माझे लक्ष नसे. शेवटी यजमान म्हणाले, "आता माझ्यावर तेवढा संशय घ्यायचा राहिलाय, तोही घेऊन टाक आणि जेव."

मामांची किल्ली माझ्याकडे आल्यावरही खुर्ची हललीच. तिसरी किल्ली फक्त आपल्या दालनात असते.

म्हणून गेल्या शुक्रवारी मी शाळा भरण्याच्या बऱ्याच आधी येऊन दार आतून किल्लीने लावून घेतले व नकाशांच्या कपाटामागे उभी राहिले. किल्ली फिरली आणि आपण आत आलात. आपल्याला रंगेहाथ पकडायचे म्हणून मी पदर खोचून तयारच होते. पण आपण कपाटावरून हात फिरवत पुस्तके चाचपू लागलात. अगदी लहान मुलांचे, मोठ्या ठशाचे एक पुस्तक घेऊन खिडकीशी बसलात. ते आधी नाकाला लावलेत, मग हातभर लांब धरलेत, आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागलात. 'पाऊल'ला आपण 'पाऊस' म्हणालात, थांबलात, पुन्हा पाहिलेत, आणि पुन्हा 'पाऊस'च म्हणालात. त्यानंतर पुस्तक मिटून बराच वेळ त्यावर तळहात ठेवून बसलात. माझ्याच्याने पुढे येववले नाही. आपण गेल्यावर मी पुस्तक सुलटे करून ठेवले.

मग मी आदेश पुन्हा काढून पाहिला. सही ओळ सोडून शिक्क्यावर चढलेली आहे. पूर्वी ती मला मगरुरीची वाटली होती. आपल्या दालनाबाहेर बसले असताना पर्यवेक्षकांचा आवाज मी अनेकदा ऐकला आहे : "इथं सर, माझ्या बोटापाशी. नेहमीचंच आहे." त्या 'नेहमीच्या'त माझी खोली गेली. पर्यवेक्षकांना आपल्या डोळ्यांचे ठाऊक आहे, असा माझा संशय आहे. पुरावा नाही. याआधीचे माझे सारे संशय खोटे निघाले, हेही आपल्यापासून लपवत नाही. मामांची मी सर्वांसमोर माफी मागितली. ते मान हलवून गेले, बोलले अजून नाहीत.

तरी विनंती की,

अ) सदर आदेश आपण स्वतः वाचावा. वाचल्यावरही आपले मत तेच असल्यास मी माझ्या हाताने गठ्ठे बांधीन.

ब) डोळे दाखवावेत. माझ्या सासूबाईंनीही मोतीबिंदू असाच लपवला होता, भिंतीला धरून चालत आणि "अंधारच फार झालाय" म्हणत. शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना माझ्या भाजीतला केस पलीकडच्या खोलीतून दिसतो. आपले दुखणे तेच आहे असे मी म्हणत नाही, पण दाखवल्याशिवाय कळणार कसे?

क) तोवर ग्रंथालयात यायचे ते उजेडी, शाळेच्या वेळात यावे. खिडकीजवळचे टेबल आपल्यासाठी मोकळे ठेवले आहे. कोणी विचारल्यास साहेब तपासणीला आले आहेत, असे मी सांगेन.

शुक्रवारी पाहिलेले मी घरीसुद्धा बोललेले नाही. हा अर्ज आवक-जावक लिपिकाकडे न देता आपल्या हातात देत आहे. चित्रकलेच्या कागदावर जाड काळ्या शाईने, एका पानावर चार-पाच ओळी, असा तो लिहिला आहे, जेणेकरून तो आपल्याला कोणाकडूनही वाचून घ्यावा लागू नये.

आपली नम्र,
(सही)
ग्रंथपाल
सोमवार, शाळा भरण्यापूर्वी

सोबत : संदर्भ क्र. १ चा आदेश, शब्दशः, याच अक्षरात.