दिव्याचा आखूड पाय

भाऊ, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. तुमच्या शोकसभेचं प्रास्ताविक मीच केलं, दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात तुमच्यावर अडीच कॉलम लिहिले, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं; राग तेवढा वगळला होता. आज लिहायला बसलो आहे ते माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. ती तुमच्या संपादकाच्या टेबलावर आली असती तर तुम्ही काय केलं असतं ते मला पाठ आहे, आणि ते पाठ असण्याचाही आता वीट आला आहे.

निवृत्त होऊन मी डोणगावला परत आलो. पहिले सहा महिने रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो आणि चुका लाल पेनानं खुणवायचो. बायको एक दिवस म्हणाली, "तो पेपर रद्दीत जाणार हाय. कोनं तपासाले सांगतलं तुमाले?" त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. तुमच्या काळात हे नव्हतं, म्हणून सांगतो. लहान मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकवायच्या पेट्या निघाल्या आहेत. वर्षाची वर्गणी भरली की दर महिन्याला कुरिअरनं एक पेटी घरी येते. आत तळहाताएवढी सर्किटची एक पाटी असते, वायरी, मुगाच्या दाण्याएवढे दिवे, सेल आणि एक पुस्तिका. मूल ती पाटी मोबाइलला जोडतं आणि पडद्यावरच्या रंगीत फरशा एकाखाली एक लावतं, एका फरशीवर एक आज्ञा. दिवा लाव, तीन सेकंद थांब, विझव. फरशा बरोबर लागल्या तर पाटीवरचा दिवा तसा वागतो. पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे. वीस तारखेला इंग्रजी मजकूर येतो, पंचवीसला मराठी गेला पाहिजे. पाच दिवस! आपल्याला पाच तास कधी मिळाले नाहीत, म्हणून मला ती चैन वाटली.

त्या पेट्यांचा मला पहिल्या महिन्यापासून तिटकारा आहे. विद्येबद्दल माझी तक्रार नाही, फरशांचं गणित मला स्वतःला आवडलं. तक्रार आहे त्या गोंजारण्याबद्दल. प्रत्येक पानाच्या तळाशी एक यंत्राचं मांजर छापलेलं असतं आणि ते म्हणतं, "अरे वा, किती सोप्पं!" तार जोडली, अरे वा. बटण दाबलं, किती सोप्पं. मी फोनवर सांगितलं की हा शब्द काढा. मुलाला सोपं गेलं तर त्याला ते कळतंच. नाही गेलं, तर हा शब्द त्याला ढ ठरवतो. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मुलांना पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे. पालकांनाही आवडतं ते." पालकांना काय आवडतं ते मीही पाहिलं आहे. पेटी उघडतानाचा फोटो मोबाइलवर सगळ्या सोयऱ्यांना जातो. पेटीतल्या वस्तूचं पुढे काय झालं याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. तरी शब्द मी ठेवला. पानोपानी ठेवला. वाचकाला काय वाटलं पाहिजे हे आपण लिहायचं नसतं, हे तुम्ही माझ्या कित्येक बातम्या फाडून शिकवलं होतं. पण तुम्ही नव्हतात आणि पंचवीस तारीख होती.

मोताळ्याचं आठवतं ना तुम्हाला? मला ते रोज आठवतं असं नाही, पण आठवलं की सगळं आठवतं. मी तेवीस वर्षांचा आहे, कचेरीत येऊन वर्षही झालेलं नाही. फोटो छापायचे धातूचे ठोकळे आपण लाकडी खणात ठेवायचो, शाईनं आणि तेलानं काळे झालेले, हातात घेऊन उजेडाकडे धरल्याशिवाय चेहरा कळत नसे. मी धरला नाही. सकाळी अंक बाहेर पडला तेव्हा एका श्रद्धांजलीच्या मजकुरावर मोताळ्याच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा फोटो होता, आणि तो माणूस ठणठणीत जिवंत. तुम्ही ओरडला नाहीत. अंक माझ्यासमोर ठेवलात, त्या फोटोवर बोट ठेवलंत.

"जा मोताळ्याले."

"फोन करतो ना भाऊ."

"फोनवर मेला का मानूस? पेपरात मेला. जा."

बाजाराचा दिवस होता, एसटीत उभं राहायला जागा नाही. त्यांच्या ओसरीवर वीसेक माणसं बसलेली, लांबलांबच्या गावांहून मातीला म्हणून आलेली, आणि मेलेला माणूस स्वतः किटलीतून त्यांना चहा ओतून देतो आहे. मी कोण ते सांगितल्याबरोबर त्यांची बायको उठली. "काऊन बे, जित्या मानसाले मारतं? तुले दुसरं कोनी नाई भेटलं?" मी खाली मान घालून, माझी चूक, माझी चूक, एवढंच म्हणत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ दे वं. मेल्यावर कोन कोन येते ते समजलं आज. अन् कोन नाई आलं, तेबी समजलं." सगळी ओसरी हसली. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली आणि वाटलं, सुटलो.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या पानावर चौकट छापलीत. चूक आमचे उपसंपादक अमुक अमुक यांच्या हातून झाली. माझं नाव, आडनावासकट, जाड ठशात. वर्षभर कंपोझिटर मला यमदूत म्हणत होते. "काय यमदूत, आज कोनाले नेतं?" मी तुम्हाला विचारलं होतं, नाव कशाला? तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्या मानसाचं तोंड छापलं तं तुहं नाव काऊन नाई?" यावरचं उत्तर मला आता सुचतं. संपादक तुम्ही होता. नाव तुमचं जायला हवं होतं. तेवीस वर्षांच्या पोराला पुढे करून तुम्ही प्रामाणिक ठरलात. पुढे मी तुमच्या खुर्चीत बसलो तेव्हा एकदाही हाताखालच्या माणसाचं नाव छापलं नाही, आणि दर वेळी मनात म्हटलं, मी तुमच्यापेक्षा बरा माणूस आहे.

आता चुकीचं सांगतो. तिसऱ्या पेटीत रस्त्यावरचा सिग्नल होता, लाल, पिवळा, हिरवा. त्या दाण्याएवढ्या दिव्याला तारेचे दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. लांब पाय अधिकच्या बाजूला लावायचा, आखूड उण्याच्या. उलटं लावलं तर दिवा बिघडत नाही, फक्त लागत नाही. मी लिहिलं, आखूड पाय अधिकच्या बाजूला. त्या दिवशी सुलतानपूरला मेव्हण्याच्या मुलीचं साक्षगंध होतं, गाडी दारात उभी, बायको आत बसलेली. मजकूर मी परत न वाचता पाठवून दिला. त्याखाली मांजराचं सोप्पं होतंच. आणि त्याच्याही खाली एक चौकट होती, ती मात्र मी अगदी बिनचूक भाषांतरित केली: "दिवा लागला नाही? मग तुझ्या फरशा पुन्हा तपास, चूक तिथेच असेल!"

आमच्यापासून दोन घरं सोडून कृषी केंद्रवाल्याचं घर आहे. त्याला एक मुलगी, पाचवीत, आणि सात वर्षांचा मुलगा. त्यानं वर्गणी भरली ती माझ्यामुळे. पुस्तिकेच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात मराठी करणाऱ्याचं नाव असतं. ते तो बियाणं घ्यायला आलेल्यांना दाखवतो. "पेटी पुन्याची, पन लिवलं आमच्या आबानं." पोरगी हुशार. पहिल्या दोन पेट्या तिनं एकेका दुपारी संपवल्या, दुसरीतला भोंगा वाजवून गल्लीला वैताग आणला. तिसरी पेटी आली आणि घर गप्प झालं. मग भिंतीपलीकडून आईचा आवाज यायला लागला. "चार दिस झाले त्या मोबाइलात डोकं घालून. ऊठ तिथून." आणि एका संध्याकाळी बापाचा. "राहू दे, तिच्यानं नाई होत. पुढची पेटी लहान्याच्या नावानं करतो. मशीनचं काम पोट्ट्याईलेच जमते." मी ते ऐकलं आणि माझ्या कामाला लागलो. अडतात मुलं, मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझी प्रत आली. कंपनी एक प्रत मला पाठवते, छापून झाल्यावर. नववं पान उघडलं आणि उघडल्याबरोबर दिसलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर डोळे एवढे तयार होतातच. फक्त दोन महिने उशिरा. पुण्याला फोन लावला. तीच मुलगी.

"अरेरे. ठीक आहे सर, पुढच्या छपाईत बदलू."

"ज्या घरोघरी गेल्या त्यांचं काय?"

"पुढच्या महिन्यात नवीन पेटी येतेच ना सर. मुलं विसरतात."

"एक चिठ्ठी टाका त्या पेटीत. चार ओळींची."

"चिठ्ठी टाकली की पालकांचे फोन येतात, सर. आणि मागे तुमचंच नाव आहे. तुम्हालाच बरं नाही दिसणार ते."

हे ती मायेनं म्हणाली, आणि ती माया माझ्या अंगावर आली. तोंडात शिव्या आल्या होत्या. त्या गिळून मी काय म्हणालो, भाऊ? बरं, म्हणालो.

दुपारी कृषी केंद्रवाल्याच्या घरी गेलो. बाप दुकानात, आई मळणीवर गेलेली. पोरगी ओसरीवर बसली होती, पुढ्यात ती पाटी. म्हटलं, दाखव बरं काय झालं.

"काई नाई होत, आबा. मी ढ आहो."

तिनं शाळेची वही पुढे केली. पडद्यावरचा फरशांचा क्रम तिनं वहीत उतरवला होता, एकदा नाही, अकरा वेळा, दर वेळी नव्यानं विचार करून. अकराही वेळा तो बरोबर होता. मी सांगितलं, पुस्तकात उलटं पडलं आहे, लांब पाय अधिकला लाव. तिनं तिन्ही दिवे उपटून फिरवून लावले. लाल लागला. तीन सेकंदांनी पिवळा. मग हिरवा. ती हसली नाही. तिनं पुस्तिका उचलली, पालथी केली आणि मागचं पान वाचलं. मी हिरव्या दिव्याकडे पाहत होतो.

"हे पुस्तक अजून कोनाकोनाच्या घरी असन, आबा?"

"पुष्कळ जणांच्या."

"मंग त्याइचेबी नसन लागले."

"नसतील."

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. बाप आत आला, दिवे पाहून खूश झाला. "वा! आबानं लावून देल्ले वाटते."

"नाही, तिनंच लावले," मी म्हणालो. एवढं तरी म्हणालो.

"मंग चार दिस काऊन नाई लागले?"

मोताळ्याच्या ओसरीवर जे शब्द मी वीस माणसांसमोर बोललो होतो ते दोनच होते, आणि ते मला येत होते. समोर एकच माणूस होता, मला मान देणारा. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

"मी पाय उलटे लावले होते, पप्पा," ती म्हणाली.

"पाहा!" बाप माझ्याकडे वळून हसला. "आबानं येवढं फोड करून लिवलं, तरी उलटं. म्हनून म्हनतो, हे तिचं काम नोहे. जाय वं, आबाले चहा ठेव."

ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मी चहा प्यालो. बापाशी सोयाबीनच्या भावावर बोललो.

चौथी पेटी भावाच्या नावानं आली. त्याला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. बहीण त्याला पुस्तिका वाचून दाखवते आणि तो फरशा सरकवतो, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. त्याला ती एकदा म्हणाली, "पुस्तकात हाय म्हनून खरं नसते, आधी पाय पाहून घे." नाव कोणाचं घेतलं नाही. पुढचा मजकूर वीस तारखेला आला, मी तेवीसलाच पाठवला, दोनदा वाचून. पुण्याच्या त्या मुलीनं लगेच उलट निरोप धाडला, अरे वा.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. पाठवायचंच झालं तर दोन घरं सोडून पाठवायला हवं, आणि तिथंही मी पाठवणार नाही, हे लिहितानाच मला माहीत आहे. तुमच्याजवळ एकच गोष्ट सांगायची होती. ती पोरगी माझी चूक आपल्या अंगावर घेऊन बोलली, तेव्हा मला लाज वाटली नाही, भाऊ. हायसं वाटलं. लाज वाटली ती नंतर, घरी आल्यावर.