क्लचचा लांब दांडा

३ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर हे बोलणं नको, खरंच. दादा शेजारीच बसलेला असतो आणि तुमचा आवाज काही कुजबुजण्यासाठी घडवलेला नाही. (रागावू नका.)

दादाची जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक सध्या माझ्या मागच्या खोलीत खोक्याखोक्यांतून पसरली आहे. सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन घातला, रिंगांची फट स्वतः मोजली. टर्नरने केसभर फरक ठेवला होता. काम परत करून घेतलं. टाकीतला गंज काढल्यापासून माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो, अशी घरातून तक्रार आहे.

आता तुमची विनंती. गाडी सुरूच होणार नाही अशी खोट ठेवा, म्हणता. वहिनी, ते माझ्या हातून व्हायचं नाही. मी कॉलेजात शिकलो नाही, पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून शिकलो. माझ्याकडून गेलेली गाडी अडून बसली, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पण काळजी मलाही आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाच्या डाव्या हातात पकड नाही, आणि जुन्या रायडरांच्या मेळाव्यात त्याला टेकडी चढून उतरायची आहे. उतारावर क्लच दाबता आला नाही तर काय होईल, ते लिहीत नाही. तर ऐका. इंजिनवरच्या ज्या दांड्याला क्लचची केबल अडकते, तो कुणीतरी वेल्डिंग करून लांबवला होता. ठिगळकाम. तो काढून कंपनीच्या मापाचा आखूड दांडा बसवतोय. त्याने क्लच दगडासारखा जड होतो. सगळं पुस्तकाप्रमाणे! दादा एकदा दाबून बघेल आणि आपणच नाद सोडेल.

माया आहे तशीच ठेवा.
आपला धाकटा दीर


१२ फेब्रुवारी

रा. भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पुस्तक तुम्हांला लखलाभ, मला माझा माणूस हवाय. मी मोडता घालायला सांगितलं, तुम्ही तो इस्त्री करून घालताय. चालेल.

इकडे ह्यांचा सराव जोरात आहे. दिवसभर रबरी चेंडू दाबतात. काल चेंडू सुटला आणि कपाटाची काच गेली, तर म्हणे ती आधीच तडकलेली होती. डॉक्टर नको म्हणाले, तर डॉक्टर कधी सायकलवर तरी बसलाय का, असं मलाच विचारतात.

रविवारी तुमच्याकडे येतायत. मला सोबत नेत नाहीत. तेवढा चेहरा सांभाळा. तुम्हांला खोटं पचत नाही.

आज आशीर्वादाच्या जागी नुसती धास्तीच पाठवते.
वहिनी


१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावलो की जीभ अडखळते, म्हणून लिहितोय. उजवा हात शाबूत आहे.

इंजिनाचा आवाज ऐकला. गाडी नवी होती तेव्हाही असा नव्हता. हे आधी लिहितो, कारण पुढचं गोड नाही.

क्लच हलला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू भिंतीकडे. लांब दांड्याचं विचारलं तर म्हणालास, कुणाचं तरी ठिगळकाम होतं, काढून टाकलं. ते ठिगळकाम माझं! ऐन पंचविशीत, दोन्ही हात धड असताना, त्या क्लचने माझ्या तळहाताला फोड यायचे. वेल्डरच्या उरावर बसून तो दांडा करून घेतला होता.

तुझ्या वहिनीने काही सांगितलं असेल तर तिला दोष देत नाही, ती घाबरली आहे. तू घाबरला असशील तर तसं म्हणायचंस. पाठचा भाऊ असून मशीनच्या आडून नाही म्हणालास.

दांडा परत बसव.

संतापलेला, तरी तुझाच,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दांडा भंगाराच्या डब्यात सापडला. घासून वेल्ड पाहिला, चोख आहे. न बघताच नावं ठेवली. परत बसवलाय. क्लच आता दोन बोटांनी दबतो. माझ्या दोन बोटांनी. तुझ्या हाताचं मला माहीत नाही, आणि तुलाही नाही.

आता समोर येऊन सांगतो: टेकडीवर जाऊ नकोस. चढ तू मारशील. उतरताना हात सुन्न पडला तर दांडा लांब असून काय करशील? मला भीती वाटते, दादा. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

गाडी तयार आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळलंय. कधीही ये आणि घेऊन जा. अडवणार नाही.

शिव्या द्यायच्या तर त्याही चालतील, पण उत्तर दे.
धाकटा


२४ फेब्रुवारी

रा. भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, मग काच कुणी डागाळली म्हणून माझ्यावरच खेकसले. संध्याकाळपर्यंत तो रबरी चेंडू दाबत बसले. मग म्हणाले, एकाने तरी तोंडावर नाही म्हटलं. बाकीचे सगळे मला काचेच्या बशीसारखे उचलून ठेवतायत. त्या बाकीच्यांत मीही आले.

टेकडी रद्द. मेळाव्याला जायचं, पण खालच्या सपाट मैदानात एकच फेरी मारायची. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. गाडी टेम्पोने आणा. आणि बाजूने धावायला येऊ नका, असं खास लिहायला सांगितलंय.

मी म्हटलं, मी घरीच थांबते, मला बघवायचं नाही. ऐकतायत कुठले! मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि फेरी पुरी होईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत, असं वचन घेतलंय माझ्याकडून.

दिलंय. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा.

अजून रागावलेली, तरी वाट पाहणारी,
वहिनी